इंदूरच्या काळ्या मातीत आल्प्सचे कार्नेशन

प्रश्न : रामबागकर (इंदूर)

नमस्कार. आमच्या घरामागील उतारावर मी गेल्या वर्षी काळे दगड रचून पंधरा फूट लांबीचे एक छोटे शैलोद्यान तयार केले. (रॉक गार्डन म्हटले की आपल्याकडे नेकचंद यांचे, १९७६ मध्ये लोकांसाठी खुले झालेले चंडीगडचे उद्यान आठवते. मला ते अभिप्रेत नसून दगडांच्या फटींतून डोंगरी वनस्पती वाढवणे एवढेच अभिप्रेत आहे.) ‘अल्पाइन कार्नेशन’ या नावाने ऑनलाइन मिळालेले बी मी ऑक्टोबरच्या मध्यास पेरले आणि फेब्रुवारीत त्याला भरभरून गुलाबी फुले आली. मे महिन्यात हिरवी जाळी बांधून रोपे कशीबशी जगवली, परंतु जुलैच्या पहिल्याच झडीत आठवड्याभरात सगळी बुंध्यापाशी काळी पडून कोलमडली. दगडांखाली बागेतलीच काळी माती व भरपूर कंपोस्ट होते, आणि ही चुनखडीच्या डोंगरांवरील वनस्पती असल्याचे वाचल्यामुळे मी त्यात विझवलेला चुनाही मिसळला होता. चूक नेमकी कोठे झाली, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : मुरूम आणि खडी (इंदूर)

चुन्याचे आधी सांगतो, कारण ती मेहनत फुकट गेली. माळव्याची काळी माती बेसॉल्टपासून बनलेली असून मुळातच विम्लधर्मी आहे. तिचा सामू (pH) बहुधा आठच्या आसपास असतो आणि खणताना चुनखडीचे पांढरे खडे तर हाताला लागतातच. आपल्या मातीत उणीव आहे ती निचऱ्याची. ही माती पाणी पिऊन फुगते, तिच्यातील पोकळ्या मिटतात आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. आपल्याकडे वर्षाकाठी साधारण साडेनऊशे ते हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे आपली रोपे जुलैतच का गेली याचे नवल वाटत नाही.

काळ्या मातीत खड्डा करून त्यात खडी भरणे हा उपाय नव्हे. तसे केल्यास तो खड्डा पावसाळ्यात हौद होतो आणि मुळे त्यात बुडून मरतात. वाफा जमिनीच्या वर किमान एक फूट उचलावा, तळाशी विटांचे तुकडे घालावेत आणि वर दोन भाग जाड वाळू, दोन भाग चाळलेला मुरूम व एक भाग माती असे मिश्रण भरावे. रोपाच्या बुंध्याभोवती दोन बोटे जाडीचा बारीक खडीचा थर द्यावा, म्हणजे पाने ओल्या मातीला टेकत नाहीत. कंपोस्ट अगदी चिमूटभर पुरे. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात आपल्याच गावी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ विकसित केली आणि ती जगभर गेली, त्यामुळे आपणा इंदूरकरांचा हात कंपोस्टच्या बाबतीत जरा सैल असतो; कपाशीला ते मानवते, या कातळावरच्या पोरक्या जातीला मात्र नाही.

उत्तर : वारशाची कुंडी (वडोदरा)

मातीविषयीचे वरील विवेचन मला मान्य आहे. मला खटकते ते फेब्रुवारीत आलेले फूल. डायँथस अल्पायनस, म्हणजेच खरे अल्पाइन कार्नेशन, ही पूर्व आल्प्समधील चुनखडीच्या डोंगरांवरची बहुवर्षायू जात असून बियांपासून वाढवल्यास तिला साधारणतः दुसऱ्या वर्षी फुले येतात. चार महिन्यांत फुलणारे डायँथस बहुधा चिनी जातीचे किंवा तिच्या संकराचे असते, जे आपल्याकडच्या रोपवाटिकांत हिवाळी हंगामी म्हणून मिळते. खऱ्या अल्पाइनची पाने आखूड, बोथट टोकाची, गर्द हिरवी व तकतकीत असतात, झुडूप जेमतेम चार-पाच इंच उंचीचे राहते आणि फुलाला सुवासही नसतो. आपल्या रोपांची उंची किती होती?

प्रश्नकर्ता : रामबागकर

चांगली वीतभर आणि त्याहून अधिक. पाने निमुळती आणि टोकदार होती. म्हणजे इतके दिवस मी ज्याचा शोक करीत होतो ते आल्प्सचे नव्हतेच, असे दिसते. तरीही खरे बी मिळवून एकदा प्रयत्न करावा काय?

उत्तर : गच्चीवरची बाग (ग्वाल्हेर)

प्रयत्न जरूर करावा, मात्र फुलाची आशा माफक ठेवावी. आल्प्समध्ये हे झाड हिवाळाभर बर्फाखाली गारठ्यात निजलेले असते आणि उन्हाळ्यातही तेथील रात्री गारच असतात. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच असले, तरी मे-जूनमध्ये तेथे रात्रीचे तापमानही चोवीस-पंचवीस अंशांच्या आसपास राहते. अशा उकाड्यात दिवसा तयार केलेले अन्न झाड रात्री श्वसनातच खर्चून टाकते आणि अशक्त झालेल्या त्या झाडाला पावसाळ्यात बुरशी गाठते. जाळीने ऊन अडते, रात्रीची ऊब अडत नाही. लंडनच्या क्यू उद्यानात २००६ मध्ये उघडलेल्या अल्पाइन गृहात जमिनीखालील चक्रव्यूहासारख्या काँक्रीटच्या मार्गांतून हवा फिरवून ती थंड करण्याची व्यवस्था आहे. इंग्लंडच्या हवेतही जिथे एवढी उठाठेव करावी लागते, तिथे आपण हिरव्या जाळीवर किती विसंबावे?

मी स्वतः ही हौस कुंडीपुरती ठेवीन. कुंडीत वरचेच मिश्रण भरून ती पावसाळ्यात पागोळ्यांपासून दूर, वारा खेळणाऱ्या ओसरीत ठेवता येते आणि उन्हाळ्यात उत्तरेकडील भिंतीच्या सावलीत हलवता येते. उतारावर चिनी डायँथस दरवर्षी ऑक्टोबरमध्ये नव्याने पेरावे, पहिला बहर ओसरताच फुलांचे दांडे छाटावेत आणि उन्हे तापली की त्याचा मोह सोडावा. रिकाम्या झालेल्या फटींत उन्हाळ्यासाठी चिनी गुलाब (पोर्टुलाका) आणि पावसाळ्यासाठी रेन लिलीचे कंद लावल्यास दगड बाराही महिने उघडे पडत नाहीत.

प्रश्नकर्ता : रामबागकर

आपणा सर्वांचा आभारी आहे. येत्या रविवारी दगड हलवून काळी माती उपसण्यास आरंभ करतो. मुरमाची एक ट्रॉली सांगून ठेवली आहे. खरे अल्पाइन मिळालेच तर त्याची कुंडी ओसरीवर राहील, आणि चुन्याची उरलेली अर्धी गोणी आंब्यांच्या बुंध्यांना बोर्डो पेस्ट (मोरचूद व चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावण्यासाठी वापरीन.