विषय: समुद्रात अस्थिविसर्जन, बोट किती लांब न्यायची?

नमस्कार मंडळी,
कॅलिफोर्नियात अस्थी किनाऱ्यापासून ५०० यार्डांपलीकडे सोडता येतात असं वाचलं. तेवढं पुरे का? हार, कलश पाण्यात सोडले तर चालतात का?

---

उत्तर:
ताई, ५०० यार्ड हा राज्याचा नियम. खुल्या समुद्राला फेडरल (केंद्र सरकारचा) नियमही लागतो आणि तो जास्त कडक आहे: किनाऱ्यापासून किमान ३ सागरी मैल, म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटर. गुडघाभर पाण्यात उभं राहून अस्थी सोडणं आपल्याला स्वाभाविक वाटतं, पण नियम मोडतो तो तिथेच. बोट ठरवताना ‘बंदराबाहेर’ असं मोघम सांगू नका, ‘तीन सागरी मैल’ असंच सांगा.

या फेडरल नियमासाठी ईपीएकडून (अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था) आधी वेगळी परवानगी काढावी लागत नाही, फीही नाही. मात्र विसर्जनानंतर ३० दिवसांच्या आत ईपीएला कळवायचं असतं. दुःखाच्या गडबडीत नेमकं हेच राहून जातं. तारीख, बंदराचं नाव आणि अक्षांश-रेखांश कॅप्टनकडून बोटीवरच लिहून घ्या.

आता सामान. अस्थी प्लास्टिकच्या पिशवीत मिळतात. पिशवीचं तोंड पट्टीने घट्ट बांधलेलं असतं आणि आत किंवा पट्टीलाच नंबर कोरलेली धातूची चकती असते. कात्री बरोबर ठेवा, चकती आधी काढून घ्या. पिशवी आणि तांब्याचा कलश घरी परत आणायचा. फुलं चालतात, पण सहज कुजणारीच. दुकानातला हार नीट तपासा: नायलॉनचा दोरा, जरीची फीत, थर्माकोलचे मणी निघतात. सरळ पाकळ्या सुट्या करून न्या.

---

प्रश्न:
काका, आणि नॅशनल पार्कमधल्या नदीत अस्थी सोडता येतात का?

---

उत्तर:
तिथे वेगळा नियम. पार्कच्या सुपरिटेंडेंटची (प्रमुख अधिकाऱ्याची) परवानगी किंवा त्या पार्कने ठरवून दिलेल्या अटी असल्याशिवाय रक्षा विखुरता येत नाही. प्रत्येक पार्कच्या अटी निराळ्या, म्हणून आधी त्यांच्या ऑफिसला लिहा. उल्लंघनाला ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पार्काबाहेरच्या नद्या-तलावांसाठी त्या त्या राज्याला विचारायचं.

बोटीवर आणखी एक सांभाळा. मोठ्या माणसाची रक्षा दोन-तीन किलो भरते आणि तिच्यात अगदी बारीक धूळही असते. वाऱ्याकडे तोंड करून ओतली तर ती सगळ्यांच्या अंगावर, डोळ्यांत येते. वारा पाठीशी घ्या, हात पाण्याजवळ न्या, हळूहळू सोडा.

बरोबर लहान मुलं असतील तर किनाऱ्यावर पडलेली सीगलची पिसंही उचलू देऊ नका. १९१८च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याने, आपोआप गळलेलं पीससुद्धा परवान्याशिवाय जवळ बाळगता येत नाही.

थोड्या अस्थी नाशिकला रामकुंडात सोडायच्या असतील तर त्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या डब्यात न्या. अमेरिकेतल्या विमानतळावर एक्स-रेमध्ये धातूच्या कलशाच्या आतलं दिसत नाही, आणि सुरक्षा कर्मचारी तो उघडूनही बघत नाहीत, विनंती केली तरी. मग कलश विमानात नेता येत नाही.