मदत हवी आहे: सीझरच्या हरवलेल्या 'अँटिकॅटो'बद्दल

इ.स.पू. ४६ मध्ये सीझरचा कट्टर विरोधक असलेला रोमन राजकारणी कॅटो याने उत्तर आफ्रिकेतल्या युटिकात आत्महत्या केली, मग रोमन वक्ता आणि लेखक सिसेरोने त्याची स्तुती करणारं पुस्तक लिहिलं आणि त्यावर सीझरने दोन भागांत 'अँटिकॅटो' लिहून झोड उठवली, ही दोन्ही पुस्तकं आज गायब आहेत. या वादावर मी मराठीत लेख लिहितेय आणि एका जागी घोडं अडलंय.

ग्रीक चरित्रकार प्लुटार्कचं कॅटोचरित्र इंग्रजीत वाचून झालं. आपली बायको मार्सिया हिला कॅटोने त्याचा मित्र हॉर्टेन्सियसकडे (लग्न करून) जाऊ दिलं आणि हॉर्टेन्सियस मेल्यावर ती श्रीमंत विधवा झाली तशी परत घेतली, या आरोपाला प्लुटार्क सरळ सीझरचं नाव देतो, त्यामुळे तिथे प्रश्न नाही. पण कॅटोने सोन्यासाठी भावाची राख चाळली हा जो भयंकर आरोप आहे तिथे तो फक्त 'एकाने लिहिलंय' एवढंच म्हणतो. रोमन लेखक गेलियसने व्याकरणासाठी घेतलेला 'अँटिकॅटो'चा उतारा पाहिला, त्यात हे काहीच नाही. रोमन लेखक धाकट्या प्लिनीच्या पत्रात सीझरने सांगितलेला दारू प्यायलेल्या कॅटोचा किस्सा आहे, पण पुस्तकाचं नाव तिथेही नाही.

सीझरचा चरित्रकार सुएटोनियस पण बघितलाय, तो सुचवू नका प्लीज. लॅटिन, जर्मन येत नाही, इंग्रजी चालेल, शक्यतो फुकट वाचता येईल असं.

राखेचा आरोप 'अँटिकॅटो'तलाच असं अभ्यासक कशाच्या आधारावर धरतात, आणि मी लेखात तो सीझरच्या नावावर छातीठोकपणे टाकू शकते का, की 'बहुधा' लावावं लागेल?