हौशी हातांनी जंगल राखावं, की जंगलातून हात काढून घ्यावेत?

काटेसावर

वाद ओढवून घेतोय याची कल्पना आहे, तरी लिहितो. वस्तीलगतची झाडी, टेकड्या, ओढ्याकाठची राई सांभाळायला स्वयंसेवकांचे गट पुढे येतात आणि त्यांचं सगळीकडे कौतुक होतं. माझ्या मते यातलं बरंचसं काम जंगलासाठी नसतंच, करणाऱ्याच्या समाधानासाठी असतं.

सुट्टीच्या दिवशी आलेल्या माणसाला घरी जाताना काहीतरी झालेलं दिसायला हवं असतं. लावलेलं रोप दिसतं. पाचोळा गोळा करून पोती भरली की जागा स्वच्छ दिसते. पडलेलं खोड ओढून बाजूला केलं की वाट मोकळी दिसते. पण तो पाचोळा जमिनीतली ओल धरून ठेवत होता आणि कुजून तिथेच मुरणार होता. त्या खोडात बुरशी होती, भुंगेऱ्यांच्या अळ्या होत्या, म्हणून तिथे सुतारपक्षी येत होता. आपण 'साफ' केलं म्हणजे त्या सगळ्यांना घराबाहेर काढलं.

त्याहून मोठं दुखणं गवताळ जमिनीचं. झाड नसलेली जागा दिसली की लगेच खड्डे खणायचे. पण गवताळ माळ रिकामा नसतो. जमिनीवर घरटं करणारे पक्षी, गवतावर वाढणारे टोळ आणि फुलपाखरं, पावसानंतर थोडे दिवस उगवणाऱ्या छोट्या वनस्पती, या सगळ्यांना ऊन लागतं. तिथे दाट सावली केली की ते संपतात, आणि आपण फोटोखाली 'हिरवंगार केलं' असं लिहितो.

आकड्यांच्या मोहाचं एक ठळक उदाहरण. तुर्कस्तानात ११ नोव्हेंबर २०१९ रोजी एकाच दिवसात देशभर १ कोटी १० लाख रोपं लावली गेली. दोन-तीन महिन्यांत तिथल्या वनकर्मचाऱ्यांच्या संघटनेने काही ठिकाणं तपासली आणि ९० टक्क्यांपर्यंत रोपं मेल्याचं सांगितलं. मंत्रालय म्हणालं, ९५ टक्के जिवंत आहेत. खरं कोणाचं, हा वेगळा वाद. लावलेल्या रोपांचा आकडा सगळ्यांना तोंडपाठ आणि जगलेल्या रोपांवर दोन टोकांची उत्तरं, हे मला जास्त बोलकं वाटतं.

माझा प्रस्ताव: नव्या स्वयंसेवकाच्या हातात पहिलं वर्षभर वही द्या. कुदळ, कोयता, पहार काहीही नको. काय उगवतं, काय मरतं, कोण येतं-जातं ते लिहू द्या. मग बघू.

---

फावडेबहाद्दर

वर्षभर वही दिलीत तर दुसऱ्या महिन्यात गटात तुम्ही आणि तुमची वही एवढंच उरेल.

साहेब, माणसं जागेवर का टिकतात याचा विचार केलाय का? हाताने लावलेलं रोप जगलं का हे बघायला माणूस पुन्हा येतो. येता-जाता त्याला राडारोड्याचा ट्रक दिसतो, रात्रीत सरकलेलं कुंपण दिसतं, वणव्याचा धूर दिसतो, आणि तो आरडाओरडा करतो. वस्तीजवळच्या झाडीला पाचोळा उचलल्याने जेवढा धोका आहे त्याच्या कितीतरी पट धोका कोणीच न फिरकल्याने आहे. माणसांचा वावर नसलेली मोकळी जमीन फार काळ मोकळी राहत नाही.

आणि लागवड म्हटली की तुर्कस्तानच का आठवतं? न्यूझीलंडचं तिरितिरी मातांगी बेट घ्या. २२० हेक्टरच्या या बेटावर शेतीपायी जवळजवळ सगळं जंगल गेलं होतं. १९८४ ते १९९४ या दहा वर्षांत स्वयंसेवकांनी बोटीने जाऊन अडीच लाखांहून जास्त झाडं लावली. रोपवाटिका बेटावरच होती. आज तिथे दुर्मिळ पक्षी मोकळे फिरतात आणि लोक ते बघायला जातात. हे सगळे हौशी हातच होते.

---

चौकस

>>वर्षभर वही दिलीत तर दुसऱ्या महिन्यात गटात तुम्ही आणि तुमची वही

हे वाचून हसलो, पण खरं आहे.

---

आडवाट

फावडेबहाद्दर, तिरितिरीचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं, पण ते अर्धंच सांगितलंत. तिथे आधी जाणकारांनी आराखडा केला, मग माणसं बोलावली. बेटाचा सुमारे ४० टक्के भाग ठरवून मोकळा, गवताळ ठेवला, कारण काही पक्ष्यांना तोच लागतो. उंदीर १९९३ मध्ये विषारी आमिष टाकून संपवले, ते काम सरकारी खात्याचं. म्हणजे हात हौशी होते, कुठे लावायचं आणि कुठे नाही हा निर्णय हौशी नव्हता. आणि बेट आहे! चारही बाजूंनी समुद्र. आपल्या वस्तीलगतच्या तुकड्याला ती चैन नाही.

दुसरं, न्यूझीलंडमध्येच कौरी नावाच्या महावृक्षांना मुळं सडवणारा रोग लागला आहे. तो मातीतून पसरतो, आणि माती पसरते ती माणसांच्या बुटांनी. ऑकलंडजवळच्या वायटाकेरे डोंगरातल्या जंगलवाटा २०१८ मध्ये बंद कराव्या लागल्या. तिथे जंगलावर प्रेम करणाऱ्या माणसाने करण्यासारखी सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे न जाणं. वावर नेहमीच राखण नसतो.

---

खाकी_निवृत्त

नोकरी जंगलात गेली, म्हणून दुसऱ्या बाजूने बोलतो.

आमच्याकडे स्वयंसेवक यायचे सकाळी सातला, जायचे दहाला. चांगली माणसं, तक्रार नाही. पण त्यांनी लावलेल्या रोपांना आठवड्याचे उरलेले दिवस पाणी घालायचं कोणी? रोजंदारीवरच्या बायकांनी. नांग्या भरायच्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावायची, तीही त्यांनीच. उन्हाळ्याआधी जाळरेषा (वणवा अडवायला मोकळे केलेले पट्टे) काढायच्या त्यांनी, आणि वणवा लागला की झोडपायला झाडाच्या फांद्या घेऊन धावायचं तेही त्यांनीच. फलकावर नाव मात्र गटाचं. पुढे हळूहळू वरून असं ऐकू यायला लागलं की एवढे लोक फुकट येतात तर हजेरीपटावर इतकी माणसं कशाला?

तुम्ही सगळे रोप लावावं की वही धरावी यावर भांडताय. माझा आक्षेप फुकट या शब्दाला आहे. जंगल राखणं हे पगारी काम आहे. स्वयंसेवक त्याच्या जोडीला आला तर उत्तम, त्याच्या जागी आला तर जंगलही जातं आणि माणसाची भाकरीही.

---

फावडेबहाद्दर

खाकी_निवृत्त, आदर राखून सांगतो, पदं कमी करणारा ती स्वयंसेवकांमुळे करत नाही. त्याला निमित्त हवं असतं. उद्या आम्ही सगळे घरी बसलो तर ती माणसं परत कामावर घेतील?

पाणी घालणाऱ्या बायकांचं नाव फलकावर नसतं हे मात्र शंभर टक्के खरं आणि लाजिरवाणं आहे.

---

मूठभर_माती

काटेसावर यांचं निदान मला पटतं, औषध पटत नाही. 'हात लावू नका' हे अस्पर्श जंगलात ठीक. वस्तीलगतचं जंगल आधीच बिघडलेलं असतं. तिथे घाणेरी (लँटानाचं झुडूप) माजलेली असते, बाहेरून आलेल्या वेली झाडांवर चढलेल्या असतात. तुम्ही वही घेऊन बसाल आणि वहीत लिहाल, 'घाणेरी आणखी वाढली'.

प्रश्न हात लावण्याच्या पद्धतीचा आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या बंदराकाठी जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोघी बहिणी १९६०च्या दशकात झाडीत फिरता फिरता तण उपटायला लागल्या. तोवर रीत अशी होती की जिथे घाणेरी सगळ्यात दाट तिथे तुटून पडायचं आणि मैदान करून टाकायचं. होतं काय, उघड्या पडलेल्या मातीत पहिलं उगवतं ते पुन्हा तणच, कारण मातीत त्याचंच बी पडलेलं असतं. या बहिणींनी उलटं केलं. सगळ्यात चांगल्या, जवळजवळ निरोगी तुकड्यातून सुरुवात करायची, तिथली चार-दोन तणं काढायची, आणि मग हळूहळू बिघडलेल्या बाजूकडे सरकायचं. उपटताना माती कमीत कमी हलवायची, हललेली परत बसवायची, वरचा पाचोळा जागच्या जागी पसरायचा. तिसरा नियम सगळ्यात अवघड: मोकळ्या केलेल्या जागेत देशी रोपं आपणहून उगवून ती जागा धरतील तेवढ्याच वेगाने पुढे जायचं. जंगल ज्या गतीने परत येतं त्याच गतीने काम. त्यांचा भर रोपं लावण्यावर नव्हता, बी मातीत आहेच हे गृहीत होतं.

ही पद्धत हौशी माणसांनी शोधली, खात्याने नव्हे. आठवड्याला दोन तास, वर्षानुवर्षं त्याच जागी जाणाऱ्या माणसालाच ती सुचू शकते. कंत्राटदाराला एवढं थांबणं परवडत नाही. त्याचं बिल साफ केलेल्या क्षेत्रफळावर निघतं.

---

काटेसावर

मूठभर_माती, हे तर माझंच म्हणणं झालं की! त्या बहिणी आधी बघत होत्या, मग उपटत होत्या. माझ्या वहीला तुम्ही सभ्य नाव दिलंत एवढंच.

---

मूठभर_माती

नाही. त्या बघत असतानाच उपटत होत्या. हाताने उपटल्याशिवाय मूळ किती खोल आहे, माती किती हलते, पाठोपाठ काय उगवतं, हे कुठल्या वहीत कळणार?

---

चौकस

मला वेगळीच शंका आहे. जागा कशी दिसावी हे ठरवायचा अधिकार कोणाचा? जाणकारांचा, खात्याचा, गटाचा, की तिथे रोज फिरायला येणाऱ्या आजोबांचा?

शिकागोजवळच्या राखीव वनांत १९७७ पासून स्वयंसेवक काम करत होते. तिथे एकेकाळी गवताळ प्रेअरी आणि विरळ ओकची झाडी होती, तिच्यात बाहेरून आलेली झुडपं दाटली होती. ती तोडणं, बुंध्यांना तणनाशक लावणं, नियंत्रित आग लावून गवत परत आणणं असं काम चालायचं. परिसरशास्त्राच्या दृष्टीने बिनचूक. पण शेजारी राहणाऱ्यांना दिसत होतं ते इतकंच, की झाडं तोडताहेत, धूर करताहेत, रसायनं मारताहेत, आणि आपल्याला कोणी विचारलंही नाही. विरोध एवढा पेटला की १९९६ मध्ये तिथल्या कुक काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, प्रशासनाने सगळं काम थांबवलं. काही जागांवरची बंदी पुढे बराच काळ उठली नाही.

काटेसावर यांच्या तत्त्वाने गेलं तर ते स्वयंसेवक बरोबर. माझ्या मते शेजारीही बरोबर.

---

आडवाट

शेजारी कसे काय बरोबर? ज्याला ओक आणि घुसखोर झुडूप यातला फरक कळत नाही त्याचं मत घेऊन जंगल चालवायचं? मग मतदान घ्या, सगळीकडे हिरवळ आणि बाकडी येतील.

---

चौकस

न विचारता चालवलंत तर कामच बंद पडतं, हे तिथे घडलंय. वर्षानुवर्षांचं काम एका निर्णयाने थांबलं. समजावून सांगण्यात घालवलेले दोन-चार महिने त्यापेक्षा स्वस्त.

---

खाकी_निवृत्त

अधिकाराचा विषय निघालाच आहे तर नेपाळकडे बघा. १९९३ च्या वनकायद्याने तिथे गावागावांतल्या वापरकर्त्यांच्या गटांकडे जंगल सोपवलं. आज असे २२ हजारांच्या आसपास गट आहेत. १९९२ च्या सुमारास देशाच्या २६ टक्के भूभागावर जंगल होतं, २०१६ पर्यंत ते ४५ टक्क्यांवर गेलं. लोक परगावी गेले, शेतं पडीक पडली, हेही एक कारण आहे, पण गटांचा वाटा मोठा आहे. आणि बरंचसं जंगल लावलेलं नाही, राखल्यामुळे आपोआप आलेलं आहे. चराई आणि तोड आवरली की मुळं फुटतात.

पण ते लोक स्वयंसेवक नव्हेत. त्यांना त्या जंगलातून चारा मिळतो, जळण मिळतं, उत्पन्न गटाच्या खात्यात जातं. चुकलं तर त्यांचंच सरपण जातं. हौशी माणसाचं काय जातं? एक रविवार.

---

फावडेबहाद्दर

हा शेवटचा टोमणा झोंबला, पण नेपाळचं गणित सगळीकडे कसं लावणार? वस्तीलगतच्या बारा-पंधरा एकरांच्या तुकड्यातून कोणाचं सरपण निघणार आहे? तिथे पोटासाठी राखणारं कोणी नाहीच. हौस नको म्हणालात तर उरतं काय?

---

कीटकवेडी

वहीची एवढी टिंगल चालू आहे म्हणून लिहिते. जर्मनीत क्रेफेल्ड नावाच्या शहरात कीटकांचा अभ्यास करणारी एक संस्था आहे, बहुतेक सदस्य हौशी. त्यांनी २७ वर्षं, ६३ राखीव जागांमध्ये, एकाच प्रकारचे सापळे लावून उडणारे कीटक पकडले आणि वजन करून नोंदवले. २०१७ मध्ये त्या नोंदी प्रसिद्ध झाल्या तेव्हा कळलं की कीटकांचं एकूण वजन ७५ टक्क्यांहून जास्त घटलं आहे, आणि तेही *राखीव* जागांमध्ये. झाडं उभी होती, फलक उभे होते, बाहेरून सगळं छान दिसत होतं. तीन वर्षांचा प्रकल्प आणि बदलीचा अधिकारी यांच्या हातून २७ वर्षांची सलग नोंद होणं कठीणच.

तेव्हा 'वहीने काय होतं' असं म्हणू नका. पण काटेसावर, तुमच्या प्रस्तावातलं ते 'पहिलं वर्ष' मला खटकतं. तुम्ही वही ही शिक्षा असल्यासारखी देताय, उमेदवारी संपली की कुदळ मिळेल या बोलीवर. काही माणसांना आयुष्यभर वहीच हवी असते, काहींना पहिल्या दिवसापासून घाम हवा असतो. दोघांना एकाच रांगेत का उभं करता?

---

काटेसावर

कीटकवेडी यांचा मुद्दा घेतो. एक वर्षाची अट काढतो. पण गवताळ जागेत खड्डा नाही आणि पाचोळ्याला हात नाही, या दोन गोष्टींवर मी हटणार नाही. पायवाटेवरचा आणि जाळरेषेतला पाचोळा तेवढा अपवाद.

तसंच घामच हवा असेल तर लावण्याशिवायही भरपूर कामं आहेत. इंग्लंडमध्ये १९५९ साली स्वयंसेवकांची जी पहिली मोठी फळी उभी राहिली तिचं पहिलं काम होतं बॉक्स हिल इथे झुडपं *तोडण्याचं*, खाली चुनखडीवरचं गवत वाचावं म्हणून. तोडायला रोप लावण्याइतकाच घाम लागतो.

---

फावडेबहाद्दर

पाचोळा मान्य. आमच्या गटाला सांगतो, पोती बंद. जगलेल्या रोपांची मोजणीही यंदापासून दर उन्हाळ्याच्या शेवटी लावतो, लावलेल्यांच्या आकड्याशेजारी तोही फलकावर. पाणी घालणाऱ्यांची नावंही.

गवताळ जागेचं मात्र अमान्य. आमच्याकडच्या मोकळ्या पट्ट्यावर लोक नेमका राडारोडा आणून टाकतात, कारण तिथे 'काही नाही' असं त्यांना वाटतं. कडेने दोन ओळी तरी लावणारच.

---

आडवाट

कडेला चर खणा. ट्रक चराने अडतो, रोपाने नाही.

---

फावडेबहाद्दर

चर खणायला परवानगी लागते. रोपाला कोणी विचारत नाही.

---

खाकी_निवृत्त

रोपालाही लागते. विचारत नाहीत, इतकंच. चरासाठी अर्ज करा, मसुदा मी लिहून देतो.