नगावर इन्सेंटिव्ह बंद केला, चुकलं का?

शिरोलीवाला:
शिरोली एमआयडीसीत माझी छोटी फाउंड्री आहे, म्हणजे धातू ओतून सुटे भाग बनवायचा कारखाना, ४२ माणसं. दिवाळीनंतर मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे भरणाऱ्यांना, नगावर इन्सेंटिव्ह लावला. दोन महिने भरलेल्या साच्यांचे बॉक्स वाढले, तिसऱ्या महिन्यात अख्खा लॉट परत आला. आत ब्लोहोल, म्हणजे वायू अडकून झालेल्या पोकळ्या.

इन्सेंटिव्ह बंद केला आणि परत आलेलं एक हाउसिंग (यंत्राचं बाहेरचं कवच) मधोमध कापून मोल्डिंगपाशी ठेवलं. आमच्या जुन्या मोल्डरनं पोकळीत बोट घालून बघितलं आणि विचारलं, "हे आपलंच काय?" दुसऱ्या दिवसापासून तो वाळू मुठीत दाबून, मोडून बघायला लागला. ओल जास्त वाटली की मिक्सरवाल्याला हाक मारतो. हे काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्याचे पैसेही मिळत नाहीत.

हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५९ मध्ये हेच मांडलं होतं. पगार कमी पडला की माणूस नाराज होतो, पण कामात जीव ओततो तो जबाबदारी आणि कौतुक मिळाल्यावर. मला हे पटतं. तुमचं काय मत?

फेटलिंग११वर्षं:
मालक, हर्झबर्ग ज्यांच्याशी बोलला ते पिट्सबर्ग भागातले सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट होते. हातात ग्राइंडर धरून आठ तास ओतलेल्या भागावरचा जादा धातू, म्हणजे रायझर, घासणारे नव्हते.

मी आधी जिथं होतो तिथं 'महिन्याचा कामगार' म्हणून माझा फोटो गेटवर लावला, शाल-नारळ दिला. तेव्हा माझा दोन महिन्यांचा ओव्हरटाइम अडकला होता, आणि तोही सिंगल रेटनं. दुप्पट दर तेव्हा १९४८ च्या कारखाने कायद्यातच होता, मेहरबानी नव्हे. पोरीची फी भरायची होती. ती शाल घरी नेताना लाज वाटली. तुमचा मोल्डर वाळू बघतोय, चांगलंच आहे. पण ते जादा काम तुम्ही फुकटात घेताय, आणि त्याला प्रेरणा म्हणताय.

कागल_एचआर:
दोघांशीही थोडी असहमत. इन्सेंटिव्ह वाईट नव्हता, मोजायची जागा चुकली. भरलेले बॉक्स कशाला मोजायचे? तपासून पास झालेली कास्टिंग, म्हणजे ओतलेले भाग, मोजा, आणि रक्कम कोअर (भागाच्या आतली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा), मोल्डिंग, पोअरिंग (धातू ओतणं) अशा सगळ्या टीमला द्या. जुलैत आपल्याकडं कोअर हवेतली ओल ओढतात, ब्लोहोल वाढतात. त्याचे पैसे एकट्या मोल्डरचे कापले तर कोण मन लावून काम करेल?

शिरोलीवाला:
कागलताई, टीमचा हिशेब पटला. पावसाळ्याचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता.

दादा, ओव्हरटाइम आमच्याकडं दुप्पटच आहे आणि सात तारखेला पगारासोबत जातो. पण फुकटाचा मुद्दा लागला. तरी एक सांगतो, उद्या त्याचे पैसे वाढवले तरी ते कापलेलं हाउसिंग मी तिथून हलवणार नाही. चूक दिसल्याशिवाय ती सुधारायची कशी?

फेटलिंग११वर्षं:
हाउसिंग राहू द्या की! त्याला माझा विरोधच नाही. पण वाळू तपासायचं काम त्याच्या नावावर लिहा, त्याचा ग्रेड वाढवा, आणि ओली वाळू दिसली तर लाइन थांबवायचा हक्क द्या. डिस्पॅचची घाई असताना त्यानं लाइन थांबवली, तर तुम्ही सुपरवायझरची बाजू घेणार की त्याची? आमची पोरं तेवढंच बघतात.

शिरोलीवाला:
ग्रेडचं या महिन्यात करतो. लाइनचं आधी सुपरवायझरशी बोलावं लागेल, तो तयार होईल असं आज तरी वाटत नाही.