मदत हवी आहे: घरच्या डे-केअरमधल्या बायकांचं लाइव्ह स्कॅन, फी वाढत चाललीये, भरायची कोणी?

चिमणचारा

नमस्कार मंडळी, बे एरियातल्या आणि एकूणच कॅलिफोर्नियातल्या लोकांकडून मदत हवी आहे. मी सॅन होजेजवळ राहते, घरातच लायसन्सवालं डे-केअर आहे, आतापर्यंत स्मॉल लायसन्स होतं आणि आता लार्जसाठी धडपड चाललीये म्हणजे १४ मुलांपर्यंत घेता येतील, पण मग हाताखाली असिस्टंट लागतेच, आणि इथेच सगळं अडतंय.

माणूस ठेवायचं म्हटलं की आधी लाइव्ह स्कॅन म्हणजे मशीनवर बोटांचे ठसे, स्टेटचं चेकिंग, एफबीआयचं चेकिंग, शिवाय चाइल्ड अब्यूज इंडेक्स, म्हणजे मुलांच्या छळाच्या नोंदींची राज्याची यादी. क्लिअरन्स आल्याशिवाय तिने घरात पाऊल टाकायचं नाही, नाहीतर दिवसाला १०० डॉलर दंड. नियमाबद्दल माझी काही तक्रार नाही, लोक आपली पोटची पोरं सोडून जातात, व्हायलाच पाहिजे. पण पैसे! आत्ता एका मुलीला पाठवलं तर पावतीवर शंभराच्या जवळपास आकडा, एकच, फोड नाही. काउंटरवर विचारलं तर म्हणे गव्हर्न्मेंटने फी वाढवली. आणि या मुली टिकतात किती, कोणाला दुसरीकडे दोन डॉलर जास्त मिळाले की चालली, मग परत नवी आणि परत ठसे.

तर प्रश्न असे: खरंच सरकारी फी वाढलीये का? हे पैसे कायद्याने माझ्याकडे येतात का तिच्याकडे? आणि तिसरं जरा घरगुती आहे, दिवाळीनंतर सासूबाई-सासरे पुण्याहून येतायत, सहा महिने राहतील, डे-केअर घरातच आहे तर त्यांचेही ठसे लागतील का? त्यांना हे सांगायचं कसं हा तर वेगळाच धागा होईल.

खारा शेंगदाणा

सरकारी भाग बघा कसा असतो. स्टेट डीओजेचे (राज्याच्या न्याय खात्याचे) ३२, एफबीआयचे १७, चाइल्ड अब्यूज सेंट्रल इंडेक्सचे १५. झाले ६४. आमच्या बायकोच्या डे-केअरचं आम्ही करत आलोय तेव्हापासून याच तीन ओळी बघतोय. वरचं सगळं रोलिंग फी, म्हणजे जो तुमची बोटं काचेवर फिरवतो त्याची मजुरी. ती सरकार ठरवत नाही, दुकानदार ठरवतो, कोणी २० घेतो कोणी ४०, घरी येऊन करणारा त्याहून जास्त. त्यामुळे काउंटरवरच्या बाबाने बिल सरकारच्या नावावर फाडलंय असं मला तरी वाटतंय. पावती फोड करून मागा.

डीओजेच्या साइटवर काउंटीप्रमाणे लाइव्ह स्कॅनच्या जागांची यादी आहे, त्यात प्रत्येकाची रोलिंग फी लिहिलेली असते. पोलीस डिपार्टमेंट, कॉलेजं, कुरियरची दुकानं, सगळे आहेत त्यात. पाच मिनिटं घालवली तर माणशी वीसेक डॉलर सहज वाचतात.

नाक्यावरचा

फी वाढते हो, पण कुठे वाढते ते बघायला पाहिजे. एफबीआय स्वतः राज्यांकडून जी फी घेते ती २०१६ मध्ये उलट कमी होऊन १२ डॉलर झाली होती आणि १ जानेवारी २०१९ ला वाढून १३.२५ झाली होती, व्हॉलंटियरसाठी ११.२५. म्हणजे खाली-वर होत असते. १९९० च्या कायद्याने त्यांना प्रत्यक्ष खर्चापेक्षा थोडं जास्त घ्यायची मुभा आहे, ते जास्तीचे पैसे ठशांची सिस्टिम ऑटोमॅटिक करायला आणि चालवायला. मग राज्य स्वतःचं जोडतं, मग ठसे घेणारा स्वतःचं. तीन ठिकाणी तीन हात, त्यामुळे शेवटी भरणाऱ्याला वाटतं सगळं एकाच सरकारने खाल्लं.

आणि नुसती ठशांची फी नसते ना. माझी बहीण वृद्धांच्या घरी जाऊन काम करते, एजन्सीमार्फत. २०१६ पासून कॅलिफोर्नियात होम केअर एडची रजिस्ट्री आहे, तिथे नाव घालायची फी सुरुवातीला २५ होती ती ३५ झाली, दर दोन वर्षांनी भरायची, ठसे वेगळे. तासावर काम करणाऱ्या बाईला हे जाणवतं. आपण इथे दहा डॉलरला काय एवढं म्हणतो, ते तिला विचारा.

दिवेलागण

एक स्वस्त उपाय सांगते. एफबीआयचा स्वतःचा रेकॉर्ड कोणालाही मागवता येतो, १८ डॉलर फक्त. मी कॅनडाच्या पीआरसाठी मागवला होता. त्या मुलीला तोच आणायला सांगा की, बाकीचे पैसे वाचले.

खारा शेंगदाणा

@दिवेलागण नाही चालणार. तो स्वतःच्या माहितीसाठी किंवा बाहेरच्या देशाच्या इमिग्रेशनला वगैरे चालतो, इथल्या लायसन्सिंगसाठी नाही. लायसन्सिंगला रिपोर्ट थेट डीओजेकडून जावा लागतो, उमेदवाराच्या हातून आलेला कागद ते घेत नाहीत. शिवाय ते एकदाच बघून सोडत नाहीत, ठसे डीओजेकडे राहतात आणि नंतर कधी अटक झाली तर लायसन्सिंगला आपोआप कळवलं जातं. त्या कागदात हे कुठून येणार.

दिवेलागण

ओह ओके. हे माहीत नव्हतं. चिमणचारा, माझं ऐकू नका मग :)

साबुदाणा वडा

चिमणचारा ताई, मी फ्रीमाँटला बरीच वर्षं पाळणाघर चालवतेय, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, कंटाळू नका.

खरा पैसा रोलिंग फीमध्ये वाचत नाही, वाचतो तो ट्रान्सफरमध्ये. बे एरियात डे-केअरमध्ये काम करायला येणाऱ्या बायकांपैकी निम्म्या आधी कुठल्या तरी डे-केअरमध्ये किंवा प्रीस्कूलमध्ये काम केलेल्याच असतात. तिथे स्टेटच्या कम्युनिटी केअर लायसन्सिंगचं क्लिअरन्स असेल आणि ते अजून चालू असेल तर नवीन ठसे लागतच नाहीत, ते क्लिअरन्स तुमच्या लायसन्सला जोडून घ्यायचं. आधी त्याचा कागदी फॉर्म होता, एलआयसी ९१८२, आता २०२१ पासून गार्डियन नावाचं पोर्टल आहे त्यातून होतं. म्हणून मी इंटरव्ह्यूला पहिला प्रश्न हाच विचारते, बाई आधी कुठे होतीस आणि तुझा पर्सनल आयडी नंबर काय. अनुभव नंतर विचारते!

पण नीट ऐका, हे फक्त त्याच खात्याच्या आत चालतं. तिने स्कूल डिस्ट्रिक्टसाठी ठसे दिले असतील, कराटे क्लाससाठी दिले असतील, हॉस्पिटलसाठी दिले असतील, त्याचा तुम्हाला शून्य उपयोग. प्रत्येक खात्याला डीओजेकडून वेगळं उत्तर जातं आणि ते एकमेकांना दाखवायची परवानगी नाही. माझ्याकडे एक मुलगी होती, सकाळी शाळेत, दुपारी माझ्याकडे, आणि शनिवारी पोहायला शिकवायची. तीन ठिकाणी तीच दहा बोटं आणि तीन वेळा पैसे. फी वाढली म्हणून ओरडतो आपण, पण माझ्या मते हा मूर्खपणा जास्त महाग पडतो.

आता कोणी भरायचे. मी वकील नाही. इथे लेबर कोड २८०२ आहे, कामासाठी जो आवश्यक खर्च करावा लागतो तो मालकाने भरून द्यायचा. नोकरी लागण्याआधीचा खर्च त्यात बसतो की नाही यावर लोक वाद घालतात. मी वाद घालत नाही, मी भरते. पावती माझ्या नावावर, धंद्याचा खर्च म्हणून टॅक्सच्या शेड्यूल सी फॉर्ममध्ये टाकते. काही जणी म्हणतात, आधी तू भर, तीन महिने टिकलीस तर परत देते. मला ते पटत नाही, दिवसभर दुसऱ्याची मुलं सांभाळायला येणारीकडून पहिल्या दिवसाआधीच पैसे काढून घ्यायचे म्हणजे काय.

टीबी टेस्ट आणि लसी विसरू नका, गोवर, डांग्या खोकला, फ्लू. २०१६ पासून त्याही लागतात, आणि तपासायला आलेली बाई आधी तीच फाइल उघडते.

चिमणचारा

साबुदाणा वडा ताई, देवासारख्या धावून आलात. ट्रान्सफरचं मला कोणीच सांगितलं नव्हतं, ओरिएंटेशनला बोलले असतील तर माझ्या डोक्यावरून गेलं. दोन मुली बघून ठेवल्यात, दोघींना आजच विचारते. आणि सासू-सासऱ्यांचं?

साबुदाणा वडा

त्या घरात राहणाऱ्या १८ वर्षांवरच्या प्रत्येकाला क्लिअरन्स लागतं, मग तो मुलांच्या खोलीत पाय ठेवो न ठेवो. दोन दिवस आलेला पाहुणा वेगळा, सहा महिने राहणारा वेगळा. तुमच्या लायसन्सिंग ॲनालिस्टला (खात्यात तुमची फाइल बघणारीला) ईमेल करून लेखी विचारा, फोनवर नको, उद्या दुसरी ॲनालिस्ट आली तर तिला दाखवायला कागद हवा. माझे आई-बाबा आले तेव्हा मी सरळ दोघांचे ठसे दिले. सोशल सिक्युरिटी नंबर नव्हता, पासपोर्टवर झालं.

आईच्या ठशांचा मात्र घोळ झाला. आयुष्यभर भांडी घासून, भाकऱ्या थापून बोटांवर रेषाच राहिल्या नाहीत. तिकडे आधारचं मशीन पण तिचं बोट घेत नाही, रेशनवाला ओळखीचा म्हणून चालतं. इथे पहिल्यांदा रिजेक्ट झाले, परत दिले, परत रिजेक्ट. दोनदा ठसे नापास झाले की मग नावावरून चेकिंग मागता येतं, तसं झालं शेवटी. दुसऱ्यांदा देताना पहिल्या फॉर्मवरचा एटीआय नंबर (त्या ठशांचा ओळख नंबर) घेऊन जा म्हणजे सरकारी फी परत लागत नाही. रोलिंगवाला मात्र स्वतःची मजुरी परत मागू शकतो, आधीच विचारून ठेवा. आणि सासूबाईंना आठ दिवस आधीपासून रोज रात्री हाताला क्रीम लावायला सांगा, पण ठसे द्यायच्या दिवशी नको, काच बुळबुळीत होते.

पेठेतला पक्षी

सुनेच्या घरी राहायला एफबीआयचं क्लिअरन्स 😂 सासूबाईंना सांगताना व्हिडिओ काढा.

विनोद सोडा, पण माझ्या बाबांना ठसे द्यायचे म्हटल्यावर फार लागलं होतं, मी काय गुन्हेगार आहे का म्हणून दोन दिवस बोलले नाहीत. मग मी म्हटलं बाबा, मी पण दिलेत, हिने पण दिलेत, घरातल्या सगळ्यांचेच आहेत. तेव्हा गाडी जरा रुळावर आली. व्हिसाच्या वेळी कॉन्सुलेटला दिलेच होते की ठसे, ती पण आठवण करून द्या.

थेम्सकाठी

इथे इंग्लंडमध्ये बोटांचे ठसे सहसा लागत नाहीत, नाव-पत्त्यावरून डीबीएस, म्हणजे सरकारी गुन्हे-तपासणी होते. पण फीचं विचाराल तर २ डिसेंबर २०२४ ला एन्हान्स्ड (सखोल तपासणी) ३८ पाउंडवरून एकदम ४९.५० झालं, बेसिक १८ वरून २१.५०. मी केअर होममध्ये आहे, आमच्या मॅनेजरने नवीन माणसं घेताना फार तोंड वाकडं केलं होतं. व्हॉलंटियरला सरकारी फी नाही. मात्र एक सोय आहे, सर्टिफिकेट निघाल्याच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत अपडेट सर्व्हिसला नाव घातलं आणि दरवर्षी थोडे पैसे भरले की त्याच प्रकारच्या कामाला पुढचा मालक ऑनलाइन चेक करून घेतो, परत नवीन काढायला नको. तुमच्याकडे तीन वेळा बोटं म्हणजे कमाल आहे.

कोथिंबीर जुडी

धागा जरा पळवते, सॉरी. आमच्या मराठी शाळेत यावर्षीपासून शिकवणाऱ्या सगळ्यांना लाइव्ह स्कॅन करा म्हणतायत, आम्ही रविवारी दोन तास फुकट शिकवतो, आम्हाला पण लागतं का हो?

नाक्यावरचा

एबी ५०६ नावाचा कॅलिफोर्नियाचा कायदा आहे, जानेवारी २०२२ पासून. मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेत महिन्याला १६ तासांपेक्षा जास्त किंवा वर्षाला ३२ तासांपेक्षा जास्त मुलांसोबत असाल तर तुम्ही रेग्युलर व्हॉलंटियर. रविवारी दोन तास म्हणजे वर्षाचे ३२ सहज ओलांडता, तेव्हा हो, लागतं. चाइल्ड अब्यूज ओळखण्याचं ट्रेनिंग पण करावं लागतं. व्हॉलंटियरची फी कमी असते, फॉर्मवर व्हॉलंटियर म्हणून नीट लिहिलंय ना ते बघा. रोलिंगचे पैसे शाळेने द्यावेत असं कमिटीला सांगा, गणपतीच्या जेवणावळीत तेवढे निघतात.

आणि हो, ते ठसे चिमणचारा ताईंच्या डे-केअरला चालणार नाहीत, कोणी विचारायच्या आत सांगतो.

चिमणचारा

अपडेट. एका मुलीचं क्लिअरन्स चालू निघालं, आधीच्या प्रीस्कूलचं, गार्डियनमधून ट्रान्सफर टाकलंय. दुसरी आत्तापर्यंत नातेवाइकांचीच मुलं सांभाळत होती, तिचं नवीन करावं लागणार, ते पैसे मी भरतेय. यादीतून बघून जवळच्या कॉलेजमध्ये पाठवणार, रोलिंग बरंच कमी आहे तिथे. जुन्या दुकानाकडून पावतीची फोड मागितली तर सरकारी ६४ च निघाले, बाकी सगळे त्यांचे.

ॲनालिस्टला सासू-सासऱ्यांबद्दल ईमेल टाकलीये, उत्तर आलं की इथेच लिहीन. नवऱ्याला म्हटलं तुझ्या आईला तूच सांग, तर म्हणतो क्रीमचं तू सांग, ठशांचं मी बघतो.

साबुदाणा वडा

क्रीमचं पण त्यालाच सांगू दे. आणि दोघांचं एलआयसी ५०८ (गुन्ह्यांच्या नोंदीबद्दलचा फॉर्म) आत्ताच डाउनलोड करून ठेवा, त्यात दुसऱ्या देशातल्या शिक्षेबद्दलही विचारलेलं असतं, ते आल्यावर जेट लॅगमध्ये भरायला बसू नका.