मदत हवी आहे: नवतप्यात तीन पीएस-४ दमलेत, रिबॉल करू की नको?

नमस्कार मंडळी,

चंद्रपुरात माझं आणि लहान भावाचं छोटंसं गेम पार्लर आहे. दहा बाय चौदाचा गाळा, वर पत्रे, आत तीन पीएस-४ (सोनीचं प्लेस्टेशन ४ गेम मशीन) आणि तीन टीव्ही. आमची खरी कमाई एप्रिल ते जूनची. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे लेकरांना सुट्टी लांब. आणि नेमका त्याच दिवसांत पारा ४५ ओलांडतो. नवतपा, म्हणजे मे अखेरचे भाजून काढणारे नऊ दिवस, लागला आणि दोन दिवसांत दोन मशीन बसली. तिसऱ्याचा पंखा एवढा ओरडतो की क्रिकेटची कॉमेंट्री ऐकू येत नाही.

तिन्ही मशीन सीयूएच-१२०० मालिकेची, २०१६ साली घेतलेली. रोज आठ-दहा तास चालतात. इतकी वर्षं त्यांनी घर चालवायला हातभार लावलाय, म्हणून ती भंगारात जाऊ द्यायची नाहीत.

मशीन एक: दुपारी दोनला लावलं की वीस-पंचवीस मिनिटांत पडद्यावर 'खूप गरम झालंय' अशी सूचना येते आणि ते बंद होतं. तेच मशीन पहाटे सहाला लावलं तर तोच गेम अडीच तास बिनतक्रार चालतो.

मशीन दोन: सूचना वगैरे काही नाही. टक्कन आवाज येतो आणि सगळं गप्प. सकाळी पण होतं, रात्री पण. परत लावलं की मशीन नीट बंद केलं नव्हतं असं सांगून डिस्क तपासत बसतं.

मशीन तीन: चालतंय, फक्त पंख्याचा आवाज.

दोन नंबरचं नागपूरला एका दुकानात नेलं होतं. कारागिरानं न उघडताच सांगितलं की मेन चिप बोर्डावरून सुटली आहे, रिबॉल करावं लागेल, म्हणजे चिप काढून तिच्याखालचे सोल्डरचे गोळे नव्यानं बसवावे लागतील, साडेचार हजार. परवडत नसेल तर हीट गननं शेकून देतो, आठशे, पण गॅरंटी नाही. मी मशीन उचललं आणि परत आलो. रागानं नाही, मला ते पटलं नाही म्हणून.

का पटलं नाही ते सांगतो. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या गेम मशीनची कहाणी, बिघडलं की पुढे लाल दिवे लागायचे ती, आपल्यापैकी जुन्या लोकांना आठवत असेल. त्या बिघाडापायी मायक्रोसॉफ्टनं जुलै २००७ मध्ये वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. तेव्हा लोक मशीन टॉवेलात गुंडाळून तापवायचे, काही दिवस चालायचं, मग पुन्हा तेच. पुढे त्यांच्याच लोकांनी सांगितलं की तडा चिपच्या आतल्या जोडात जात होता, वारंवार तापून-थंडावून. आतला जोड तुटला असेल तर चिपखालचे गोळे बदलून काय होणार? शेकल्यावर तो काही दिवस टेकतो आणि पुन्हा सुटतो. माझ्या मशीनला तर हा आजार आहे असंही वाटत नाही.

म्हणून परवा रात्री पार्लर बंद केल्यावर एक नंबरचं आम्ही स्वतः उघडलं. मागचे स्टिकर काढले, खाली मध्ये भोक असलेले ताऱ्याचे स्क्रू. झाकण निघालं आणि भाऊ एकदम गप्प झाला. पंख्याच्या तोंडाशी, हीट सिंकच्या (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या) पात्यांवर काळी गादी बसली होती. करडी नाही, काळी. आमच्या समोरून घुग्घुस रोडकडे कोळशाचे ट्रक जातात, ती पूड आणि कूलरचा ओलावा मिळून नमदा झालेला. चिमट्यानं धरून ओढला तर अख्खा एका तुकड्यात निघाला, पात्यांचे ठसे उमटलेले. पुढे बोर्ड काढून चिपवरची, उष्णता हीट सिंककडे नेणारी पेस्ट पाहिली. पानाच्या डबीत तळाला वाळलेला चुना राहतो ना, तशी. नखानं खरवडली तर पापुद्रे पडले.

उघडल्यावर आणखी एक गोष्ट कळली. पंखा हवा आधी हीट सिंकमधून ढकलतो आणि तीच तापलेली हवा पॉवर सप्लायच्या डब्यातून मागे बाहेर जाते. म्हणजे चिपनं तापवलेली हवा पॉवर सप्लायच्या वाट्याला! मग दोन नंबरचा दोष चिपमध्ये नसून तिथं तर नाही ना, अशी शंका तेव्हापासून डोक्यात आहे.

खोलीचे आकडे: मशीन चालवायला ५ ते ३५ अंश सांगितलेत. आमच्याकडे दुपारी कूलरशिवाय ४१, कूलर लावून ३४. पण मशीन ठेवलेल्या फळीच्या मागे, भिंतीजवळ, थर्मामीटर धरला तर ४९! भिंत चार बोटांवर आहे.

आता जाणकारांनी कृपया सांगा. दोन नंबरला खरंच रिबॉल लागेल का, आणि घरच्या घरी खात्री कशी करायची? रॅमच्या (मेमरीच्या) चिपांवरचे उष्णता वाहून नेणारे मऊ पॅड काढताना फाटले, नवे किती जाडीचे टाकू? की तिथंही पेस्टच लावू? आणि कूलरचा झोत थेट मशीनवर सोडणं बरं की वाईट? काय चुकून राहिलं तेही मोकळेपणानं सांगा.

मस्कतवासी

दादा, इथं ओमानमध्ये चौदा वर्षं हेच काम करतोय. रिबॉलचं तूर्त डोक्यातून काढा.

तुमचं एक नंबर पहाटे चालतं आणि दुपारी पडतं, यातच उत्तर आहे. पंखा कितीही जोरात फिरला तरी खोलीतल्या हवेपेक्षा थंड काही करू शकत नाही. तो फक्त खोली आणि चिप यांतलं अंतर कमी करतो. समजा ते अंतर ४५ अंशांचं आहे. खोली २५ असेल तर चिप ७०, खोली ४१ असेल तर ८६. धूळ बसली, पेस्ट वाळली की हे अंतरच वाढत जातं. सोल्डर सुटलेलं असतं तर ते घड्याळ बघून चाललं नसतं.

दोन नंबरसाठी सोपी परीक्षा. दोन्ही मशीन एकाच मालिकेची आहेत, तर पॉवर सप्लायची अदलाबदल करा. चार पिनांचा, एडीपी-२००ईआर असं लिहिलेला असेल, पण लेबल जुळवूनच घ्या. दोष डब्याबरोबर दुसऱ्या मशीनमध्ये गेला तर चिप निर्दोष. पाय धरून सांगतो, तो डबा उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या वर असतात, वायर काढल्यावरही काही वेळ राहतात.

पॅडच्या जागी पेस्ट नको. तिथं फट असते, पेस्ट ती भरून काढत नाही. जुन्या पॅडचा न दबलेला कडेचा भाग मोजून तेवढाच घ्या आणि मऊ घ्या. जाड झाला तर पत्रा नीट बसत नाही, बोर्डावर ताण येतो. मुख्य चिपवर पेस्ट तुरीच्या डाळीएवढी, जुन्या कार्डानं पातळ पसरवून. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं चिप आणि हीट सिंक दोन्ही लख्ख पुसा.

भुसावळकर

आमचाही उन्हाळा तुमच्यासारखाच, म्हणून कूलरचं मी सांगतो. झोत थेट मशीनवर नको. त्यात पाण्याचे बारीक तुषार असतात आणि बोअरच्या पाण्याचा क्षारही येतो. तुमचा नमदा त्यामुळेच घट्ट झालाय. कूलर खिडकीत असू द्या, पण समोरच्या भिंतीत वर एक्झॉस्ट लावा. बंद खोलीत कूलर तासाभरानं नुसता दमटपणा वाढवतो.

फळी मात्र आजच भिंतीपासून हातभर पुढे ओढा. पाठीमागे ४९ म्हणजे मशीन आपलीच सोडलेली हवा पुन्हा ओढतंय. याला एक पैसा लागत नाही.

आणि दुपारी व्होल्टेज किती येतं तेही पाहा. कमी व्होल्टेजवर तेवढीच वीज द्यायला पॉवर सप्लाय जास्त करंट ओढतो आणि जास्त तापतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काय झालं ते लिहितो.

काल डबे अदलाबदल केले. दोन नंबर, एकच्या पॉवर सप्लायवर, दुपारी चारला लावलं आणि रात्री आठला हातानं बंद केलं. चार तास, एकदाही टक् नाही. मग दोनचा डबा एकमध्ये बसवला तर सतराव्या मिनिटाला तोच ओळखीचा आवाज. भावानं माझ्याकडे पाहिलं आणि पहिला शब्द काढला, "साडेचार हजार वाचले."

एक नंबरला नवी पेस्ट, मोजून १ मिलिमीटरचे पॅड. त्याच्या मूळ पॉवर सप्लायवर आज भर दुपारी दोन तास दहा मिनिटं चाललं, खोलीत ३५ होते. तीनचा पंखा पातं बोटानं धरून ब्रशनं साफ केला. ब्लोअरनं गरगरा फिरवायचा नाही हे कुठंतरी वाचलं होतं, ते पाळलं. आवाज निम्म्यावर आलाय.

फळी पुढे ओढली, मागचा आकडा ४९ वरून ४१ वर आला. पत्र्याला बाहेरून चुना मारायला उद्या माणूस येतोय. व्होल्टेज दुपारी १८२ भरलं, तेव्हा स्टॅबिलायझर घ्यावाच लागणार.

आता अडलंय एवढ्यावर: मशीन दोन डब्याविना झाकून ठेवलंय. एडीपी-२००ईआर कुणाकडे मेलेल्या मशीनमधला निघाला असेल तर मी घेईन. पण वापरलेला घेताना काय तपासू? नुसती १२ व्होल्टची लाइन मल्टिमीटरवर बरोबर दिसली म्हणजे पुरे, की भार टाकूनच बघावं लागेल? भाऊ शनिवारी नागपूरला चाललाय, सीताबर्डीवर शोधेल. त्याआधी कुणी सांगितलं तर बरं होईल.