पासपोर्टवर जोडीदार आणून ऑलिंपिक गाठायचं, याला खेळाची प्रगती म्हणायचं का?

सिडनीचा_बाबा
मुलगी फिगर स्केटिंग करते, त्यामुळे आठवड्यातले चार दिवस पहाटे पाचला मी रिंकच्या बाहेर गाडीत झोपलेला असतो. तेव्हा पोटतिडकीने लिहितोय, सांभाळून घ्या.

पेअर्समध्ये, म्हणजे मुलगा-मुलगी जोडीच्या प्रकारात, ऑस्ट्रेलियाने जगात नाव काढलं ते दोनदा. २०१७ला तैपेईत हार्ली विंडसर आणि एकातेरिना अलेक्झांद्रोव्स्काया ज्युनियर विश्वविजेते झाले. त्यानंतर ज्युनियर गटातच पुढे आले हेक्टर जिओटोपोलस मूर आणि अनास्तासिया गोलुबेवा. दोन्ही वेळा मुलगा इथला, मुलगी रशियाची.

आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या स्पर्धांना जोडीतल्या एकाचं नागरिकत्व चालतं. ऑलिंपिकला मात्र दोघांचंही लागतं. मग आधी परदेशात स्थळ बघायचं, जोडी जमली की पदकं, आणि शेवटी पासपोर्टसाठी धावाधाव. माझ्या मते हा जुगाड आहे. इथल्या मुलींना यातून काय मिळालं?

पुणेरी_शंकासुर
आमच्याकडे बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर, त्यामुळे अडाणी प्रश्न: ऑलिंपिकची जागा मिळते कशी? देशात पहिला आला की झालं ना?

गिरकी
नाही हो. जागा खेळाडूला नाही, देशाला मिळते. आदल्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत बहुतेक जागा वाटल्या जातात. २०२६च्या मिलानसाठी महिला एकेरीत एकूण २९ जागा, त्यातल्या २४ तिथेच संपल्या. उरलेल्या ५ साठी सप्टेंबर २०२५मध्ये पेइचिंगला शेवटची पात्रता स्पर्धा झाली. पेअर्सला तर तिथे फक्त ३ जागा होत्या. त्यात जागतिक स्पर्धेत नुसतं उतरायलाही आधी दुसऱ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत किमान तांत्रिक गुण मिळवावे लागतात, आणि त्या स्पर्धा बहुतेक युरोप, अमेरिका नाहीतर पूर्व आशियात. ब्रिस्बेनला २०१७मध्ये ज्युनियर ग्रां प्री झाली होती, पण तसं क्वचितच. एरवी गुण हवे असतील तर विमानाचं तिकीट काढा.

आता बाबांच्या मुद्द्याकडे. 'इथली' म्हणजे नेमकी कुठली? कैलानी क्रेन न्यूकॅसलची, अस्सल इथली. २०१७ची नेबेलहॉर्न ट्रॉफी, म्हणजे तेव्हाची शेवटची पात्रता स्पर्धा, जिंकून तिने देशाला २०१८च्या प्याँगचँग ऑलिंपिकची जागा मिळवून दिली आणि तिथे १७वी आली. पण सराव लॉस एंजेलिसला! आइस डान्समधली हॉली हॅरिस सिडनीची, जोडीदार जेसन चॅन कॅनडाचा, सराव माँट्रियलला. अँथनी लिऊ चीनमध्ये जन्मलेला, २००२ला सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये दहावा आला. यांच्यापैकी कोणाबद्दल 'आयात' हा शब्द ऐकला नाही. रशियन मुलगी म्हटली की मात्र आपले कान टवकारतात.

आणि पेअर्सला दोन माणसं लागतात, हे विसरू नका. पोरीला डोक्यावर उचलून एका पायावर घसरत जाणारा मुलगा शोधायला जगभर वणवण करावी लागते. ऑस्ट्रेलियाकडे तो होता. तोही कोण, तर हार्ली विंडसर, हिवाळी ऑलिंपिकला गेलेला पहिला आदिवासी ऑस्ट्रेलियन. आईने गाडी चुकीच्या वळणावर घातली, समोर सिडनीतल्या कँटरबरीचा रिंक दिसला, आणि पोरगं तिथेच रमलं. त्याला काय सांगायचं होतं, देशात मुलगी तयार होईपर्यंत थांब म्हणून?

हिशेबी_वहिनी
बाकी सगळं राहू द्या, पैशांचं बोला. २०२२च्या पेइचिंगला ऑस्ट्रेलियाने ४ पदकं आणली. मोगल्स (उंचवट्यांवरून स्कीइंग), स्नोबोर्ड आणि स्केलेटन (पालथं झोपून घसरगाडी). बर्फावर गिरक्या घेऊन एकही नाही. सरकारी पैसा पदकाच्या मागे जाणार, त्यात चूक काय? १७व्या नंबरासाठी करदात्याने खिसा का रिकामा करावा?

गिरकी
वहिनी, खिसा आधीच आईबापांचा रिकामा होतोय. बाबांना विचारा.

सिडनीचा_बाबा
होतोय. बर्फाचं भाडं, कोच, ब्लेडची धार, ड्रेस. बायको म्हणते, एवढ्यात कोकणात कलमांची बाग झाली असती.

पण गिरकीताईंना एक विचारतो. अलेक्झांद्रोव्स्कायाचं काय? सोळाव्या वर्षी मॉस्को सोडून ती सिडनीला आली. २०१७च्या अखेरीस नागरिकत्व, काही महिन्यांतच प्याँगचँग, तिथे १८वा नंबर. २०२०च्या सुरुवातीला आजारपणामुळे स्केटिंग सोडलं. त्याच वर्षी जुलैमध्ये मॉस्कोत वारली, वय २०. तिच्या जाण्याला कोणाला जबाबदार धरत नाही, तसा मला हक्कही नाही. पण त्या वयाची मुलगी घरात असल्यामुळे विचारतोय. भाषा, देश, घर सगळं एका जोडीसाठी बदलायचं, आणि जोडी मोडली की?

गिरकी
याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच सांगते की २०२२मध्ये संघटनेने वरिष्ठ गटाचं किमान वय टप्प्याटप्प्याने १५ वरून १७ करायचं ठरवलं, ते मला पटलं. पण मुलींची काळजी घेत नाहीत म्हणून त्यांना आणूच नका, हे नाही पटत. काळजी घ्या, असं म्हणा. सोबत आई-वडिलांपैकी कोणी, शाळा, करिअर संपल्यावरची सोय, हे सगळं आधी लिहून घ्या. मग आणा.

पुणेरी_शंकासुर
म्हणजे स्थळ बघताना याद्या करतात तसं. हे आपल्याकडच्यांना चांगलं जमेल.

हिशेबी_वहिनी
विनोद पुरे. मी एक पाऊल मागे येते: पैसा द्यायचाच तर बाहेरून जोडीदार आणायला नको, मुलांना रिंकवर आणायला द्या. मुलगे. आमच्या मेलबर्नला डॉकलँड्सच्या रिंकवर भाचीच्या बॅचला मी जाते, तिथे मुलींची रांग असते आणि मुलगे सगळे पलीकडे आइस हॉकीला.

सिडनीचा_बाबा
वहिनींना सहमत, आणि त्यामुळे माझाच मुद्दा लंगडा होतोय हेही कळतंय. आज परत येताना मुलीला सहज विचारलं, पेअर्स करशील का गं? लेस सोडता सोडता म्हणाली, "बाबा, मला उचलणार कोण? आमच्या बॅचला एकच मुलगा आहे, आणि तो नऊ वर्षांचा आहे."